शेताचा बांध आणि आपण

(ज्ञातिमंडळाच्या खुटबाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जमीन, पाणी व रानातील जीव यांच्या जतनाविषयी अर्धा तास बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. शेतकी कॉलेज आम्ही बाहेरूनच पाहिलेले. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बांधाची हकीकत सांगा, म्हणजे झाले." ही हकीकत या पंचक्रोशीत पुष्कळांस ठाऊक आहे, आणि तीत आमची शोभा वाढावी असे फारसे काही नाही. तथापि ३७ वर्षे दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तांबड्या शाईने दाखविल्या. आता एकदा आपली चूक चारचौघांत दाखवावी, असे मनाशी ठरवून आम्ही येथे उभे आहोत.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी वधूवरांची माहिती छापली जाते. तीत वराच्या नावापुढे 'बागायत चार एकर', 'बागायत सहा एकर' असे आवर्जून लिहिलेले असते, आणि मुलीचे वडील तो आकडा प्रथम पाहतात. आम्हीही पाहिला आहे. परंतु त्या सहा एकरांपैकी किती एकर चोपण झाली, किती माती ओढ्यास गेली, विहिरीचे पाणी चैत्रात कोठवर असते, याची चौकशी कोणी करीत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते; मातीची जाडी लिहिलेली नसते. जमीन कागदावर आहे तेवढीच राहते आणि शेतात मात्र दरसाल थोडी थोडी नाहीशी होत असते.

आपला मुलूख कसा आहे हे आपणांस सांगावयास नको. पण नवीन पिढीसाठी दोन शब्द बोलतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा जो मारा होतो, तो येथवर येता येता थकून जातो. दौंड व शिरूर हे दोन्ही तालुके अवर्षणाच्या पट्ट्यातले. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही पुष्कळदा चार-पाच मोठ्या सरींतच पडून मोकळा होतो. असे असूनही खुटबावच्या आसपास आज हिरवा ऊस दिसतो, तो मुठा कालव्यामुळे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि कालव्याचे पाणी लोहमार्गाच्या कडेकडेने या कोरड्या मुलखात आले. दक्षिणेस कालवा, उत्तरेस मुळा-मुठा, आणि तिच्या पलीकडे भीमा व शिरूर तालुका. अशा दोन पाण्यांच्या मध्ये आपण बसलो आहोत. आजोबा सांगत की पूर्वी येथे बाजरी, मटकी, हुलगा यांवरच दिवस निघत.

आपण जातीने माळी. फूलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी हे आपल्यातले पोटभेद पिकांवरून पडलेले आहेत. त्यामुळे माती व पाणी यांचा विचार आपल्याला कोणी बाहेरून शिकवावा अशी स्थिती नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात पावसाच्या लोंढ्याबरोबर शेताचे सत्त्व कसे वाहून जाते हे त्यांनी दाखविले, आणि सरकारने आपल्या फौजफाट्याकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावे, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल व मग ओढ्याला मिळेल, असे सुचविले. आज ज्याला पाणलोटाचा विकास म्हणतात त्याचे बीज त्या सूचनेत आहे. जोतीराव नुसते लिहून थांबले नाहीत. आपल्याच लोहमार्गावरील मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर त्यांनी बागायत करून दाखविली, कारण तेव्हा शेतकरी हे नवे पाणी घ्यावयास कचरत होते. पुढे सासवडचे आपले बांधव नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस करीत माळशिरस तालुक्यापर्यंत गेले आणि १९३२ साली त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी उभारली. माळीनगर हे गाव त्यातूनच वसले. पाण्याचे सोने करण्याची ही परंपरा आहे. तिचा अभिमान आम्हांसही आहे. पण अभिमानाने बांध राखला जात नाही, हे आमच्याच घरी सिद्ध झाले.

आता ती हकीकत. आमच्या आजोबांची १८ एकर जमीन. वडील व चुलते वेगळे झाले तेव्हा नऊ-नऊ एकर वाटणी झाली. वरचा तुकडा चुलत्यांकडे, खालचा आमच्याकडे. दोहोंच्या मध्ये ६४० फूट लांबीचा, सात फूट रुंदीचा सामाईक बांध होता. त्यावर बाभळी, दोन बोरी, एक कडुनिंब, आणि गुडघाभर पवना व मारवेल गवत. १९७२ च्या दुष्काळात आम्ही १४ वर्षांचे होतो. दिवसा खडी फोडावयास जायचे, मिलोची तांबडी भाकरी व सुकडी खायची, आणि चांदण्या रात्री वडील व चुलते दोघे मिळून त्या बांधावर मातीच्या पाट्या टाकीत. पोटात अन्न नसताना हे कशासाठी, असे आम्ही विचारले होते. वडील एवढेच म्हणाले, "पाऊस येईल तेव्हा ठेवायचा कुठं?" तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ आम्हांस कळला नाही.

पुढे दोघेही वारले. आम्ही बदलीच्या गावी, जमीन वाटेकऱ्याकडे. १९९८ साली ट्रॅक्टरचा नांगर आला आणि फाळ बांधाच्या अंगाला एक वीतभर आत शिरला. नांगर वाटेकऱ्याचा होता हे खरे, पण सुट्टीत आल्यावर ते आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो. मनात म्हटले, वीतभराने काय होते! दुसऱ्या वर्षी वरून आमच्या चुलतबंधूंनी एक वीत घेतली. मग आम्ही, मग ते. दोन्ही अंगांनी चार-चार वीत बांध गेला आणि सात फुटांचा एक फूट उरला. मध्यंतरी मुलीच्या लग्नाच्या वेळी आमच्या बाजूच्या बाभळी आम्ही विकल्या. त्यांनी कडुनिंब तोडला. मग 'तू आधी कोरलास' की 'मी आधी कोरला' यावरून तालुक्याच्या गावी नऊ वर्षे तारखा झाल्या. एका रक्ताची माणसे एस.टी.च्या एकाच गाडीतून जात, आणि एक पुढच्या बाकावर तर दुसरा मागच्या बाकावर बसे. आमच्या काकूंच्या दहाव्यालाही आम्ही गेलो नाही. ते आठवले की आजही मान खाली जाते.

या सर्वांत हाती काय आले याचा हिशेब आम्ही सेवानिवृत्तीनंतर एकदा पाटीवर मांडला. ६४० फूट लांबी, सहा फूट रुंदी, म्हणजे ३८४० चौरस फूट. १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. दोन्ही घरांनी मिळून साडेतीन गुंठे जमीन मिळविली. प्रत्येकाच्या वाट्यास पावणेदोन गुंठे. तेवढ्यात ज्वारीच्या किती पेंढ्या होतात हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वकील, मोजणी व गाडीभाडे यांवर जो पैसा गेला, त्यात तेवढी जमीन विकत घेऊन वर दोन पोती खत आले असते.

आणि मग ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी आली. त्या महिन्याच्या मध्यास दौंड, इंदापूर, बारामती व थेट सोलापूरपर्यंत कसा हाहाकार उडाला हे आपण विसरला नसाल. वरच्या शेतातले पाणी त्या एक फुटाच्या वरंब्यावर येऊन थडकले आणि दोन ठिकाणी तो फुटला. चुलतबंधूंची माती आमच्या शेतावर आली, तेथे न थांबता आमची माती बरोबर घेऊन ओढ्याला गेली, आणि लावलेला कांदा वाहून शेतात कमरेइतकी घळ पडली. सकाळी आम्ही घळीच्या एका काठी उभे, आबा दुसऱ्या काठी. नऊ वर्षांत प्रथमच ते आमच्याशी बोलले. म्हणाले, "पोरांना पट्टीनं रेघ मारायला शिकवलीस, अन् घरची रेघ मोडलीस. मीबी मोडली." ते आज या मंडपात बसले आहेत, त्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहे.

एका इंचाचा, म्हणजे २५ मिलिमीटरचा, पाऊस एक एकरावर पडला तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे दहा टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवितो, आणि जून-सप्टेंबरात दारी आलेले दहा टँकर ओढ्यास लावून देतो. मातीचेही तसेच. एका एकरावरून अवघा एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तर ती माती सुमारे पाच टन भरते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण गेला तो वरचा, शेणखत जिरलेला, गांडुळे असलेला, पिकाला पोसणारा थर. तसा थर निसर्गाने घडवावयाचा तर पुष्कळ वर्षे लागतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी दोरी लावली आणि तीन-तीन फूट जागा सोडून पुन्हा सात फुटांचा बांध घातला. तो कसा घातला ते जरा विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ जण नुसता मातीचा ढीग ओढतात आणि पहिल्या पावसात तो बसला की 'बांधाने काही होत नाही' असे म्हणतात. माती वरच्या अंगाने चर खणून घ्यावी, म्हणजे तोच चर पाणी मुरविण्याच्या कामी येतो. तळाशी रुंदी सहा-सात फूट, माथा दीड-दोन फूट, उंची दोन-अडीच फूट. थराथराने माती टाकून धुमसून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचा तो सांडवा. जादा पाण्यास वाट आपण दिली नाही तर ते आपली वाट आपण काढते. बांधाच्या खोलगट टोकाशी दगड रचून तीन-चार फूट रुंदीचा सांडवा करावा, आणि पाणी जेथे खाली पडते तेथेही दगड पसरावेत. आमच्या पहिल्या सांडव्यात हे खालचे दगड राहिले होते. एका वळवाच्या पावसात तेथे खड्डा पडला. मग गावातल्या एका जुन्या गवंड्याने ते काम नीट करून दिले.

काळ्या, खोल जमिनीची गोष्ट वेगळी आहे. मुरमाड किंवा मध्यम जमिनीत बांधाने पाणी अडविले तरी ते मुरते. नदीकडच्या काळ्या रानात ते तुंबते, पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडून बांधही फाटतो. सरकारने पूर्वी सरसकट समपातळीचे बांध घातले, ते काळ्या रानात पुष्कळ ठिकाणी टिकले नाहीत, त्याचे कारण हेच. तेथे बांधाला किंचित उतार द्यावा आणि पाणी अडविण्यापेक्षा हळू चालवावे. धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावले तरी अर्धे काम झाले.

नुसती माती उघडी ठेवू नये. आम्ही खसाचे, म्हणजे वाळ्याचे, ठोंब एका ओळीत वीतभर अंतराने लावले. याची मुळे सरळ खाली जातात, पिकात पसरत नाहीत. आणि जून झालेले गवत जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत, त्यामुळे ओळ टिकते. गुरांसाठी त्याच्या मागे मारवेल आहेच. उघडा बांध राहिला की तेथे गाजरगवत ठाण मांडते. हे परदेशी तण १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळले आणि आज असे एकही गाव राहिले नाही. त्याला जागा द्यायची की मारवेलाला, एवढाच प्रश्न आहे.

आता पाण्याकडे वळतो. बांधाने पावसाचे पाणी राखले, तरी कालव्याच्या व उपशाच्या पाण्याने आपण जे करतो आहोत त्याला बांध पुरा पडत नाही. उसाच्या एका पिकाला मोकाट पाण्याने २००० मिलिमीटरहून अधिक पाणी लागते. आपला पाऊस त्याच्या पाव हिश्शाएवढा. उरलेले आपण पाटाने सोडतो, आणि पाळी आपली आहे म्हणून गरज नसताही सोडतो. मुरलेले पाणी खाली साठत जाते, त्याची पातळी मुळांपर्यंत वर येते, आणि उन्हाने वाफ होऊन जाताना विरघळलेले क्षार मातीच्या तोंडाशी ठेवून जाते. प्रथम शेतात चार हातांचा पांढरा डाग दिसतो. दहा वर्षांत त्याचे एकर होतात. ही गोष्ट आजची नव्हे. नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी 'ब्लॉक' पद्धती घालून दिली, तीत पाणी पुष्कळ गावांना मिळावे हा हेतू होता तसाच एका जागी पाणी साचून जमीन मरू नये हाही होता. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा जन्म १९३२ चा. त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी चोपण जमिनीचे दुःख पुष्कळ भोगले आहे.

खारवट व चोपण यांत भेद आहे, तो पुष्कळांस माहीत नसतो. खारवट जमिनीत नुसते क्षार साठलेले असतात. खोल चर काढून निचरा केला आणि चांगल्या पाण्याने धुतले की ती सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. ती ओली असता चिखल, वाळली की दगड. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही द्यावे लागते, आणि ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास गाडावा लागतो. म्हणून प्रथम माती तपासून घ्यावी. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आपल्यापासून काही सातासमुद्रापलीकडे नाही. मातीचा सामू साडेआठाच्या वर गेला की जागे व्हावे. आमच्या ओढ्याकाठच्या दीड एकरात तो त्याच्या वर निघाला होता. चर, जिप्सम व धैंचा यांवर तीन वर्षे घालविली. अजून पाऊण एकरच ताळ्यावर आले आहे. हे काम सावकाशीचे आहे, आणि निचरा न करता नुसते जिप्सम टाकणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

ठिबकाविषयी सर्व जण बोलतात, म्हणून आम्ही बोलत नाही. पाचटाविषयी मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. ऊस तुटला की संध्याकाळी या शिवारात जिकडे तिकडे जाळ दिसतो. एका एकराचे पाचट तीन-चार टन भरते. ते खत आहे, ओल राखणारे पांघरूण आहे, आणि आपण त्याला काडी लावतो. त्या काडीने बांधावरचे गवत जळते, गवतातली तित्तराची अंडी जळतात, बोरीच्या खोडाला चटका बसतो. खोडवा ठेवणाऱ्याने बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबावे, त्यावर थोडा युरिया व सुपर फॉस्फेट टाकून पाणी द्यावे. पहिल्या वर्षी ते अडचणीचे वाटते हे कबूल.

पाणी वाटून घेण्याची गोष्ट बोलावयाची तर भुलेश्वरच्या डोंगरापलीकडे पाहावे. यवतवरून घाट चढून पुरंदर तालुक्यात उतरले की नायगाव लागते. १९७२ च्या दुष्काळाने व्यथित झालेले विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार तेथे गेले, देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, खाली तळे व विहीर केली, आणि मुरलेले पाणी पुन्हा वर उचलले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस करावयाचा नाही. विलासराव २००२ साली गेले. आपण कालव्याखालचे लोक हे नियम जसेच्या तसे पाळणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्याही रानात दोन एकर ऊस उभा आहे. पण डोंगराच्या एका अंगाला माणूस अर्ध्या एकराच्या पाण्यात संसार करतो आणि दुसऱ्या अंगाला आपण पाण्याने जमीन मारतो, हे एकदा जाऊन पाहावे.

शेवटी रानातील जीवांविषयी. विषयाचा हा भाग चिटणीसांनी दिला तेव्हा मागच्या बाकावर कोणी हसले होते. भगिनींना मात्र हसू येणार नाही, कारण बांध पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक. तांदुळजा, पाथरी, चिगळ, कुर्डू या भाज्या त्यांनी बांधावरूनच आणल्या. शेळीला शेंगा बाभळीच्या, पोरांना बोरे बांधावरची, आणि न्याहारीला सावलीही तीच. जेथे बाईमाणसाला भाजी मिळे तेथेच तित्तर, लावे, मुंगूस, घोरपड, धामण यांचा संसार होता. आमचा बांध गेला आणि दोन-तीन वर्षांत उंदरांनी हरभऱ्याचा फडशा पाडला. त्याचे कारण आम्हांस फार उशिरा उमगले: धामण व मुंगूस यांना राहावयास जागा नव्हती, आणि पिंगळ्याला बसावयास झाड नव्हते. नवा बांध घातल्यावर आम्ही शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे काठीचे मचाण उभे केले, त्यावर रात्री घुबड येऊन बसते. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्यांनी एका रात्री ते किती उंदीर उचलते ते मोजावे. कांद्याचे बी किंवा डाळिंब करणाऱ्याला मधमाशीचे मोल सांगावयास नको. बांधावर फुलणारे काही असेल तर ती वर्षभर राहील, आणि फुलोऱ्यात भर दुपारी औषध मारू नये एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली चिंकारा हरणांसाठी ते राखले गेले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. हरिण, लांडगा, खोकड हे काही तेवढ्या कुंपणात राहत नाहीत. ते माळाने, ओढ्याने, तुमच्या-आमच्या बांधाने फिरतात. माळाला आपण 'पडीक' म्हणतो, पण गवताचा माळ पडीक नसतो. ज्याच्या वाट्यास असा माळ आहे त्याने ओढ्याकडेची १०-१५ फुटांची पट्टी तरी नांगरू नये. आणि उघड्या विहिरींना तीन-चार फुटांचा कठडा बांधावा. रात्री पाण्याच्या शोधात आलेले जनावर विहिरीत पडते. कधी माणसाचे मूलही पडते.

बिबट्याचा प्रश्न कोणी विचारील, म्हणून आधीच सांगतो. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात, तसेच जुन्नर-आंबेगावाकडे बिबट्याने माणसे दगावली आहेत. ज्या घरचे लेकरू गेले त्याला निसर्गप्रेमाचे व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांस नाही. बिबट्या दडतो तो मुख्यतः दाट, दिवसेंदिवस न मोडणाऱ्या उसात. म्हणून वस्तीला लागून ऊस लावू नये, घराभोवती मोकळी पट्टी व रात्री उजेड असावा, शेळ्या बंदिस्त गोठ्यात असाव्या, आणि झाडी राखावयाची ती घरापासून दूरच्या बांधाला व ओढ्याला. मुलांना संध्याकाळी एकटे पाठवू नये. यावर आणखी उपाय वनखात्याने करावेत, ते आपल्या हातचे नाहीत.

एक आक्षेप आमच्या घरातूनच आहे, तो लपवीत नाही. आबांचा मुलगा व आमचा मुलगा दोघेही म्हणतात की सात फूट बांधात गुंतविणे परवडत नाही, ऊसतोडणीचे यंत्र वळावयास अडते, आणि उद्या आणखी वाटण्या झाल्या म्हणजे किती बांध घालायचे? हा प्रश्न खोटा नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला, तरी घराघरांत तुकडे पडतच आहेत. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की वाटणी कागदावर करा, बांध मात्र उताराप्रमाणे असू द्या. पाण्याला भाऊबंदकी कळत नाही. यंत्रासाठी एका टोकाला बारा फुटांची वाट सोडली आहे. त्यावर दोघे गप्प आहेत; पटले म्हणून की आमच्या वयाकडे पाहून, हे आम्हांस ठरविता आलेले नाही. गेल्या पावसाळ्यात मोठी सर येऊन गेल्यावर दोघेही न सांगता सांडवा पाहावयास आलेले दिसले. पाणी गढूळ नव्हते.

आमच्या बांधावरचा खस आता दाट झाला आहे व विरळ करावा लागेल. ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की ज्यांना ठोंब हवे असतील त्यांनी खुटबाव स्टेशनवर उतरून कोणासही गुरुजींचा मळा विचारावा. ठोंबांचे पैसे नाहीत. आबा स्वतः खणून देणार आहेत. पोते व टिकाव मात्र ज्याने त्याने आपले आणावे.